खुराड्याच्या फळीवरचा कागद

थोरल्या भावाचं लग्न ठरलं त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न तीन महिन्यांवर होतं आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाहीर करून टाकलं की जेवणाला विकतची कोंबडी येणार नाही. घरचीच वाढवायची, आणि वाढवायची मी. माझं वय एकोणीस.

आत्या म्हणाली, "पांढरीच आण गं. दीड महिन्यात डोळ्यांदेखत फुगतात."

मी उबवणी केंद्रात गेले. दारात शिरते तोच एकजण तीन खोकी एकावर एक धरून पाठमोरा बाहेर आला आणि नेमका माझ्या पायावर उभा राहिला.

"लागलं?"

"लागलं. पण आधी पिल्लं सांभाळा."

तो वळला. आतल्या गरम खोलीतून आला होता, चेहरा घामानं चमकत होता, आणि एका भुवईवर पिल्लाचं पिवळं पीस चिकटलेलं. ते अलगद काढावं असं बोटांना वाटलं... मी बोटं ओढणीत गुंडाळली.

"कोंबड्या कशासाठी हव्यात?"

"लग्नाच्या जेवणासाठी."

"तुमच्या?"

"भावाच्या."

"हां... मग बघू." त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की खोक्यातली पिल्लंसुद्धा गप्प झाली.

त्यानं तिन्ही खोकी उघडली. "हा पांढरा. खातो आणि बसतो. हा गावरान. फिरतो, आठवण झाली तर खातो. चव उत्तम, पण भरायला पाच-सहा महिने घेईल. आणि हा लाल. खातो आणि फिरतो. तीन महिन्यांत बरोबर अंगानं भरतो."

"आणि तुम्ही यातले कोणते?"

"मी?" तो गोंधळला. "मी... उभ्यानंच खातो."

मी हसले. त्यानं मान खाली घातली आणि एक लाल पिल्लू माझ्या तळहातावर उताणं ठेवलं. ते झटक्यात उलटून उभं राहिलं. "असं उठतं ते घ्यायचं. मग पाय चाचपायचे. मांस वर वाढतं, भार पायांवर येतो." बोटांच्या चिमटीत तो ते इवलेसे पाय असे धरत होता की जणू फुंकर मारली तरी मोडतील. एवढा थोराड हात इतका हलका असू शकतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. पन्नास पिल्लं त्यानं अशी एकेक करून निवडली. चाळीस लाल, आणि आत्याच्या समाधानासाठी दहा पांढरी.

निघताना त्यानं टेबलाशी बसून शिसपेन्सिलीनं बराच वेळ काहीतरी लिहिलं. "खाद्यपाण्याचं सगळं यात आहे. शेवटपर्यंत वाचा हं."

मी मान डोलावली. मला वाचता येत नव्हतं. आई लवकर गेली, घर माझ्या गळ्यात पडलं, शाळा राहून गेली. इतर कुणापुढे मला त्याचं काही वाटायचं नाही. याच्यापुढे मात्र... जीभच उचलेना. कागदाच्या मागे कोंबड्याचं छापील चित्र होतं. घरी येऊन मी ते चित्र वर ठेवून कागद खुराड्याच्या फळीवर चार खिळ्यांनी ठोकला. लिहिलेली बाजू फळीला!

पिल्लांना उपाशी ठेवू नये म्हणून दिवसभर खाद्याचं भांडं भरलेलं ठेवलं. लाल पिल्लं दोन दाणे टिपून अंगणभर हुंदडायची. पांढरी भांड्यापाशीच ठाण मांडायची. पाचव्या आठवड्यात त्यांतली तीन बसली ती उठेनात. एक तर दुपारपर्यंत मेलं.

आप्पा म्हणाले, "बोलव त्या उबवणीवाल्याला."

निरोप पोचला न पोचला तोच तो हजर. सायकल लावायचीही शुद्ध नव्हती, कुंपणावर टाकली आणि धावत आत आला. चेहऱ्यावर असा आनंद, की मेलेल्या पिल्लासाठी कुणी असं येतं का, मला कळेना. मग त्याची नजर फळीकडे गेली. कोंबड्याच्या चित्राकडे. आनंद हळूहळू ओसरला.

मला कळलं, याला कळलं. आता हा हसणार, म्हणून मी पाठ केली. पण तो फक्त एवढंच म्हणाला, "मधल्या वेळी भांडं उचलून ठेवा. मी उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं नवा कागद आणला. त्यावर एक अक्षर नव्हतं. वर येणारा सूर्य, खाली भरलेलं भांडं. डोक्यावरचा सूर्य, खाली पालथं भांडं. मावळता सूर्य, पुन्हा भरलेलं.

मी मुद्दाम विचारलं, "सूर्याला मिशा का आहेत?"

"किरणं आहेत ती!"

"आणि हा कोपऱ्यातला बटाटा?"

"पांढरी कोंबडी. पाय दुखतायत तिचे."

मग तो दर आठवड्याला येऊ लागला. कधी वजन करायला, कधी पाय बघायला. आत्या म्हणायची, "कोंबड्यांचे पाय बघतो, की आपले झिजवतो?" उरलेल्या पांढऱ्या सहाव्या आठवड्यात घरच्यांनी खाल्ल्या. लाल लग्नापर्यंत अशा भरल्या, की जेवणारे हाडं चोखत बसले. आत्या तेव्हा सगळ्यांना सांगत होती, "मी म्हणतच होते, लालच आण!"

तो मागच्या दारी हात धूत होता. मी पाणी घालत होते.

"तुम्हाला वाचता येत नाही," तो म्हणाला, "मला बोलता येत नाही... चालेल का?"

तांब्यातलं पाणी संपलं होतं. मी तरी ओततच राहिले.

"चालेल," मी म्हटलं.

आमच्या लग्नानंतर ते मला म्हणायचे, शिकवतो. मी म्हणायचे, "मग चित्रं कोण काढणार?" बेचाळीस वर्षं त्यांनी माझ्यासाठी चित्रं काढली. बाजाराची, औषधाच्या वेळांची, रुसव्याचीसुद्धा. मग त्यांचा हात थरथरू लागला. सूर्य अंड्यासारखा येऊ लागला. तेव्हा मी पहिलीतल्या नातीशेजारी पाटी घेऊन बसले.

त्याच वर्षी माहेरचं जुनं खुराडं मोडायला आम्ही दोघं गेलो. फळी खाली आली, मी खिळे काढले, कागद उलटला. पेन्सिलीची अक्षरं फिकी झाली होती, पण शाबूत होती. अंगणात उभी राहून एकेक अक्षर जोडत मी शेवटपर्यंत वाचलं. भांडं कधी भरायचं, कधी उचलायचं. पांढऱ्या किती दिवस ठेवायच्या. आणि सगळ्यात खाली: 'काही अडलं तर बोलवा. नाही अडलं तरी बोलवा.'

ते ओट्यावर बसले होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"पाच आठवडे वाट बघितली मी," ते म्हणाले. "निरोप आला तेव्हा वाटलं, वाचलं हिनं."

"आता वाचलं," मी म्हटलं. भुवईवर काही चिकटलेलं नव्हतं, तरी मी बोटानं ते पीस काढलं.

नात पाचवीत गेली त्या वर्षी, थंडीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळचं भांडं भरायच्या वेळी माझे यजमान गेले.