एवढं पेट्रोल जातं कुठे?

"बावीस लीटर! शंभर किलोमीटरला बावीस!" स्कूलीमामाने पंपाची पावती टेबलावर आपटली. "ही जीप आहे की तळ नसलेली बादली?"

"पूर्वी चौदा लागायचं," डागनी म्हणाली.

"पूर्वी ती तरुण होती!"

"पुरे," आई म्हणाली. "बुधवारी चार वाजता भंगारवाला येतोय. मी त्याला हो म्हटलंय."

ती जीप बाबांची होती. नोव्हेंबरात बाबा गेले, तेव्हापासून मामा ती चालवत होता. आज सोमवार होता. ईस्टरची सुट्टी नुकतीच लागली होती आणि डागनीकडे फक्त दोन दिवस होते.

ती धाकट्या भावाला, दहा वर्षांच्या उग्गीला, आणि शेजारच्या शेतावरच्या काटलाला घेऊन थेट गोठ्यामागे गेली. बाबांचं दुरुस्तीचं पुस्तक तिने काखेत मारलं होतं. त्याच्या पानापानावर तेलाचे डाग होते.

"पेट्रोल चोरीला जात असेल!" उग्गीचे डोळे चमकले. "आपण चोर पकडू!"

"इथे चोर यायचा म्हणजे त्यालाच चाळीस किलोमीटरचं पेट्रोल लागेल," काटला म्हणाली. "टाकी गळत असेल."

त्यांनी जीपखाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवला. दोन तासांनी बाहेर काढला, तर त्यावर एक थेंब नव्हता! मग काटलाने चारही चाकांची हवा मोजली. मामा बर्फावर जाताना हवा सोडतो आणि परत भरायला विसरतो, हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. पण या वेळी हवा बरोबर होती.

"माझ्यावरच संशय?" मामा दारातून ओरडला. "चला, सेल्फॉस शहरात सामान आणायला जातोय. येणार का गुप्तहेर?"

तिघंही टुणकन चढले. सेल्फॉसला पोचल्यावर डागनीने उतरून प्रत्येक चाकाला हात लावून पाहिला. ब्रेक चिकटला असता, तर एखादं चाक गरम लागलं असतं. चारही सारखीच थंड होती.

"चाकांचं सोड," उग्गी कुरकुरला, "माझे पाय बघ! बर्फ झालेत! हीटर चालू आहे ना, मामा?"

"आहे की. म्हातारी गाडी आहे, फुंकर घालते तेवढी पुष्कळ! आणखी एक स्वेटर चढव."

"दोन घातलेत!"

"मग तिसरा घाल. आम्ही सगळा हिवाळा तसाच काढला."

डागनी जागच्या जागी थांबली. पन्नास किलोमीटर गाडी चालली आणि हीटर गार? तिने वाकून काटा पाहिला. इंजिनाच्या तापमानाचा काटा तळाशीच लोळत होता. सगळा हिवाळा गाडी गार होती आणि घरातल्या एकानेही विचारलं नाही, का! सगळ्यांनी नुसते स्वेटर चढवले!

परतीच्या वाटेवर ती पुस्तकात डोकं घालून बसली.

"सापडलं!" ती ओरडली. "इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये एक झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहते, म्हणजे पाणी आतच फिरून लवकर तापतं. ती उघडीच राहिली, तर इंजिन कधी तापतच नाही."

"मग काय होतं?" उग्गीने विचारलं.

"इंजिनाला वाटतं, आपण आत्ताच सुरू झालोय. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. म्हणून ते पितच राहतं!"

"पुस्तकी पंडित!" मामा हसला. पण त्याचा हात नकळत मान चोळत होता.

मंगळवारी सकाळी डागनीने रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड नळीवर हात ठेवला. "मामा, सुरू कर! काटला, घड्याळ बघ. पुस्तकात लिहिलंय, पहिली काही मिनिटं ही नळी गार राहायला हवी."

"एक मिनिट," काटला म्हणाली. "दोन..."

"कोमट झाली! बंद कर, मामा! झडप उघडी आहे."

इंजिन गार झाल्यावर मामाने नाइलाजाने पाना उचलला. उग्गीने खाली बादली धरली. पाणी काढलं, दोन बोल्ट सुटले, झाकण निघालं. तिघांनी एकदम आत डोकावलं.

आत काहीच नव्हतं!

"झडप गेली कुठे?" काटला म्हणाली.

मामाने पाना हळूच खाली ठेवला.

"मीच काढली," तो म्हणाला. "ऑगस्टमध्ये. तुझ्या बाबांकडून जीप मागून घेतली होती, मागे घोडे न्यायचा ट्रेलर जोडून घाट चढत होतो. पाण्याची नळी फुटली आणि इंजिन तापलं. नळी बदलली, पण धोका नको म्हणून झडपही काढून टाकली. म्हटलं, सोमवारी नवी बसवू." तो थांबला. "रविवारी तुझ्या आईचा हॉस्पिटलातून फोन आला, बाबांना दाखल केलंय म्हणून. त्यानंतर डोक्यातून साफ गेलं."

डागनीने हात पुसले.

"सुट्या भागांचं दुकान सहापर्यंत उघडं असतं, मामा."

नवी झडप आली. बसवण्याआधी ती तपासायलाच हवी, असा काटलाने हट्ट धरला. घरामागच्या उकळत्या झऱ्याशी, जिथे आई गरम मातीत काळा पाव पुरून भाजायची, तिथे त्यांनी झडप दोरीला बांधून पाण्यात सोडली. वर काढली तर तिचं तोंड उघडलेलं! वाऱ्यावर ते हळूहळू मिटलं.

"जिवंत आहे!" उग्गी नाचला.

बुधवारी त्यांनी गावच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, सेल्फॉसला जाऊन आले आणि त्याच पंपावर पुन्हा तेवढीच भरली. तापमानाचा काटा मधोमध उभा होता. उग्गीने बूटच काय, मोजेसुद्धा काढले होते!

"शंभर किलोमीटर," काटलाने वहीत पाहिलं. "चौदा लीटर आणि थोडंसं!"

ते घरी पोचले तेव्हा भंगारवाल्याचा ट्रक अंगणात उभा होता. आईने वही हातात घेतली, आकडा दोनदा वाचला आणि ट्रककडे वळली.

"माफ करा, जीप विकायची नाही. आत या, पॅनकेक गरम आहेत."

भंगारवाल्याने आठ खाल्ले आणि तो रिकामा ट्रक घेऊन परत गेला.

"चूक माझी, अक्कल तुमची!" मामाने डागनीची पाठ थोपटली. "तिघांनाही मानलं! यापुढे काही उघडलं, तर आधी तुम्हाला सांगेन."

आई जीपच्या टपावर हात ठेवून उभी होती. "तुमचे बाबा असते ना," ती म्हणाली, "तर दोन दिवस सगळ्यांवर ओरडले असते, पुस्तक सापडत नाही म्हणून माझ्यावरही. आणि मग गुपचूप डागनीला विचारलं असतं." ती हसली. नोव्हेंबरपासून बाबांचं नाव काढताना ती पहिल्यांदाच हसत होती.

"असं एकदा तरी झालं होतं?" उग्गीने पटकन विचारलं.

"एकदा? दहादा!" आई म्हणाली आणि सांगू लागली.