माडीवरची मोजणी

माणसं मोजणं आणि पोती मोजणं यांत फरक एवढाच, की पोती मध्येच उठून खोकायला बाहेर जात नाहीत. एकतीस वर्षं मी एका मोठ्या गोदामात माल तपासनीस होतो. त्यामुळे आमच्या चर्चमधली डोकी मोजायचं काम माझ्याच गळ्यात पडणार, हे सभेला जाण्याआधीच मला ठाऊक होतं.

सभा ‘नवजीवन योजने’ची होती. नाव मोठं गोड. बिशपांच्या कार्यालयातून आलेल्या कागदपत्रांत सतरा पानं नवजीवनावर होती आणि खरा मजकूर अठराव्या पानावर. तीन धर्मग्राम, तीन चर्च आणि फादर एकच. कुटुंबं कमी झालेली, छपरं गळकी. तेव्हा ज्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला सरासरी शंभर माणसं येत नाहीत ते बंद करावं आणि तिथल्या लोकांनी अकरा किलोमीटरवरच्या मोठ्या चर्चला जावं. तिथे गाड्या लावायला जागा आहे, असंही लिहिलं होतं. मोजणी चार रविवार.

“आमच्याकडे किती येतात?” फादरांनी विचारलं. ते तरुण होते आणि तीन चर्चांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात घेऊन हिंडायचे.

“सणवार धरून की सोडून?” शिंपीणबाई म्हणाली. सगळे हसले. फादरही हसले, पण उत्तराची वाट बघत राहिले.

मी हसलो नाही, कारण मला ताई दिसत होती. ताई माझी थोरली बहीण, वय शहात्तर, गुडघे दोन्ही गेलेले. लग्न तिनंही केलं नाही आणि मीही नाही. आम्ही दोघं चर्चसमोरच्याच घरात राहतो. आमच्या दारापासून चर्चचं दार चाळीस पावलांवर. त्या चाळीस पावलांसाठी ताई आठवडाभर गुडघे शेकते. वेदीवरची फुलं गेली पन्नास वर्षं ती लावते. दोन बस बदलून अकरा किलोमीटर तिला जमणार नव्हतं. चर्च बंद झालं की तिचा रविवार संपला, आणि रविवार संपला की ताई फार दिवस काढणार नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं.

“मेले की मला याच दारातून न्यायचं,” सभेहून परतताना चर्चच्या दाराकडे बोट दाखवत ती म्हणाली. “दुसऱ्या कुठल्या दारातून नेलंस तर बघ.”

मोजणीची पद्धत साधी होती. प्रवचनाच्या वेळी सगळे बसलेले असतात, तेव्हा मोजायचं. मी मागच्या माडीवरून, जिथे एकेकाळी गायकवृंद उभा राहायचा. शिंपीणबाई पुढून, वेदीशेजारच्या स्टुलावरून. म्हणजे मला सगळ्यांच्या पाठी दिसणार आणि तिला तोंडं. मग दोघांच्या चिठ्ठ्या ताडून बघायच्या.

पहिल्या रविवारी मी ताईच्या शेजारून उठलो. उजवीकडचा दुसरा बाक, कडेची जागा माझी. ताईने लगेच तिची कापडी पिशवी माझ्या जागेवर ठेवली. कोणी बसू नये म्हणून. बसायला होतं कोण, हा प्रश्न वेगळा.

वरून मी बाकाबाकाने मोजलं. औषधांचा दुकानदार नेहमीप्रमाणे प्रवचन अर्धं झाल्यावर आला. निवृत्त मुख्याध्यापिका एकटी अख्खा बाक अडवून बसली होती; तिच्या शेजारी बसायची अजून कोणाची छाती होत नाही. डावीकडचे शेवटचे चार बाक रिकामे. एकूण त्र्याऐंशी.

“स्वतःला धरलंत का, भाऊ?” मिस्सा झाल्यावर शिंपीणबाईने विचारलं. मापाची टेप तिच्या गळ्यात रविवारीही असते. “मोजणारा स्वतःला विसरतोच. मी बारा जणींची मापं घेते आणि स्वतःचा ब्लाउज राहतो.”

चौऱ्याऐंशी.

दुसऱ्या रविवारी मला धरून एक्याऐंशी. त्या दुपारी मी तक्ता टेबलावर ठेवून बसलो. सरासरी शंभर म्हणजे बेरीज चारशे. चौऱ्याऐंशी वजा केले की उरले तीनशे सोळा. एकशे पाच, एकशे पाच, एकशे सहा.

आमच्या गोदामात एक रीत होती. तपासणी यायची असली आणि माल वाटेत असला, तर साठ्याच्या वहीत आकडा आधीच पेन्सिलीने लिहून ठेवायचा. आधी आकडा, मग माल. गाडी येते, माल उतरतो, आकडा शाईने गिरवायचा. एकतीस वर्षांत एकदाही आकडा रिकामा राहिला नाही. हात त्या सवयीनेच चालला असणार. मी तिन्ही आकडे पेन्सिलीने लिहिले. झालेल्या दुसऱ्या रविवारचाही आणि यायच्या दोन रविवारांचेही.

शिंपीणबाईला सांगितलं तेव्हा तिने तक्त्याकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडे आमच्या दारात बसलेल्या ताईकडे. “मला एवढे आकडे कुठे येतात, भाऊ,” ती म्हणाली. “तुम्ही सांगाल ते माझ्या चिठ्ठीत.”

फादरांना मात्र वास लागला असावा. “भाऊ, माणसं आणा,” ते म्हणाले. “आकडे आणू नका.”

तिसऱ्या रविवारी मी माडीवर गेलो तो केवळ देखाव्यापुरता. तरी मोजल्याशिवाय मला राहवेना. उजवी बाजू झाली. डावी सुरू केली. आठवा बाक, मग नववा. नवव्या बाकावर पेन्सिल थांबली.

नवव्यावर माणसं होती. दहाव्यावरही. अकराव्या आणि बाराव्यावरही.

माझ्या मनात पहिला विचार आला तो आनंदाचा होता, हे कबूल करायला हवं. फादरांनी कुठून तरी पाहुणे आणले असतील. मी भराभर मोजलं. खाली एकशे चार, मला धरून एकशे पाच.

मग मी पुन्हा त्या चार बाकांकडे बघितलं. साध्या पाठी होत्या. विंचरलेले केस, धुतलेल्या कॉलरी, दोन-तीन अंबाडे. पण एकही डोकं दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच नव्हतं. माणसं अशी बसत नाहीत. कोणी खाली सरकतं, कोणी मान मोडतं, कोणी शेजाऱ्याच्या कानाला लागतं. ही थप्पी लावल्यासारखी होती. प्रवचन बावीस मिनिटं चाललं आणि बावीस मिनिटांत त्यांतलं एकही डोकं हललं नाही.

मी मोजले तर पंचवीस भरले. पेन्सिलीच्या आकड्याला गेल्या रविवारी चोवीस कमी होते. पण त्या आठवड्यात दूधवाल्याची आई इस्पितळात होती, म्हणजे आपला माणूस एक कमी. म्हणून पंचवीस. जो कोणी माल भरत होता, तो हिशेबाला पक्का होता.

प्रवचन संपलं. सगळे प्रार्थनेला उभे राहिले आणि माझी नजर क्षणभर त्या चार बाकांवरून हलली. मी जिना उतरलो. एकेक पायरी, कठडा धरून.

चारही बाक रिकामे होते.

मी नवव्या बाकावर बोट ओढलं. धुळीत रेघ उमटली. त्या धुळीत दुसरं काहीच उमटलेलं नव्हतं.

“पुढून किती दिसले?” मी शिंपीणबाईला विचारलं.

“ऐंशी. तुम्हाला धरून.”

“मला एकशे पाच दिसले.”

ती हसली. “शाबास! आता तर पाठच झालंय तुमचं.” खोटं सांगितलं होतं तेव्हा तिने मान डोलावली होती. खरं सांगितलं तेव्हा हसली.

तो आठवडा मी घरातही भिंतीला पाठ लावून बसलो. शनिवारी दुपारी फादरांचा निरोप आला: शेवटच्या मोजणीला बिशपांच्या कार्यालयातून निरीक्षक येणार, तक्ता शाईने भरून ठेवा. मी तक्ता काढला. पेन आणि खोडरबर शेजारी शेजारी ठेवले. खोडरबर उचललं. एकशे सहावर टेकवलंही.

तेवढ्यात ताई चर्चमधून फुलं लावून परतली. चेहरा लाल झाला होता, गुडघे धरले होते, पण डोळ्यांत असं काही होतं जे मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

“आज दुप्पट लावली फुलं,” ती म्हणाली. “शिंपीण सांगत होती, आकडा भरतोय म्हणे. मागच्या बाकांपर्यंत वास जायला नको?” मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, “काय खोडतोयस?”

“काही नाही,” मी म्हणालो.

आणि आकडा शाईने गिरवला.

चौथ्या रविवारी मी सकाळपासून पोटात काही घातलं नाही. प्रवचन सुरू झाल्यावर ताईच्या शेजारून उठलो; तिने माझ्या जागेवर पिशवी ठेवली. निरीक्षक माडीवर आधीच उभे होते. नीटनेटका माणूस, हातात बटण दाबायचं मोजणीयंत्र. मोजणीत ते स्वतः धरायचे नव्हते, बाहेरचे म्हणून.

आम्ही दोघांनी एकदमच सुरुवात केली. त्यांच्या यंत्राची टिकटिक माझ्या शेजारी चालू होती. डावीकडच्या नवव्या बाकाशी ती थांबेल, अशी मला आशा होती. देवाशप्पथ, आशा होती. चर्च गेलं तरी चालेल, पण मला जे दिसतंय ते याला दिसू नये.

टिकटिक थांबली नाही. नववा. दहावा. अकरावा. बारावा.

“छान,” ते हळूच म्हणाले. “तुमची माणसं फार शांत बसतात.”

“किती?”

“एकशे सहा.”

मी माझा कागद बघितला. माझेही एकशे सहाच होते.

“मला धरून?” मी विचारलं.

“नाही, नाही. हे खालचे.”

मी कठडा धरला. खाली एकशे पाच असायला हवे होते. एकशे सहावा मी.

पुन्हा मोजायला लागलो. या वेळी आकडा नाही, माणसं. औषधवाला. मुख्याध्यापिका आणि तिचा रिकामा बाक. मागची थप्पी. सगळं जिथल्या तिथे. जास्तीचा एक सापडेना.

मग उजवा दुसरा बाक.

ताईची पिशवी खाली जमिनीवर होती.

माझ्या जागेवर कोणीतरी बसलं होतं. मागून टक्कल पडलेलं, कानांवर राहिलेले पांढरे केस. निळा सदरा. कॉलर विरल्यावर उलटून शिवलेली, एका टोकाला दोरा किंचित गडद. कॉलर शिवली त्या दिवशी शिंपीणबाईकडे तेवढाच दोरा शिल्लक होता.

मी माझ्या कॉलरीला हात लावला. दोरा बोटाला लागला.

ताई त्याच्याकडे झुकली आणि काहीतरी कुजबुजली. ते डोकं हललं नाही.

मी हाक मारणार होतो. पण सगळे उभे राहिले.

मी जिन्याकडे वळलो तर निरीक्षकांनी दंडाला धरलं. सह्या हव्या होत्या. मागच्या खोलीत तीन प्रती, प्रत्येक प्रतीवर चार ठिकाणी. मिस्सा संपल्यावर फादर आले, त्यांनी हात मिळवला, आकडा दोनदा वाचला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. निरीक्षकांनी नवजीवनावर बरंच काही सांगितलं. मी सह्या केल्या. शेवटची सही मला माझी वाटेना.

बाहेर आलो तेव्हा चर्च रिकामं झालं होतं. शिंपीणबाई खिडक्या लावत होती.

“ताई कुठे आहे?”

तिने वळून माझ्याकडे बघितलं. “परत आलात? काय विसरलं?”

“ताई कुठे आहे?”

“अहो, तुम्हीच नाही का घेऊन गेलात? तासभर झाला.” ती हसत होती, पण हात खिडकीवरच थांबला होता. “मी म्हटलंसुद्धा, आज भावाने हात धरला, आज ताईंचे गुडघे दुखले नाहीत. तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं, दमलात.”

चाळीस पावलं. मी ती मोजली. दुसरं काही सुचत नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. ताई तिच्या खुर्चीत झोपली होती. श्वास चालू होता. मी जवळ जाऊन खात्री केली. चेहरा इतका शांत होता की उठवायचा धीर झाला नाही. आतल्या खोलीचं दार आम्ही कधी लावत नाही. ते लावलेलं होतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. मोरीशेजारच्या फळीवर दोन ताटं धुऊन पालथी घातली होती.

दोन्ही ओली होती.