आबांच्या गाडीचा स्लो

न्हावऱ्यातून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. रांजणगावला कंपनीत जाणारी पोरं सकाळी इथं फाट्यावर गाडी लावून कंपनीच्या बसनं पुढं जातात आणि शिफ्ट सुटली की घेऊन जातात. त्यामुळं काम बरं चालतं. मी आयटीआय केलेलं आहे. गाडीला काहीतरी झालं म्हणजे त्याला कारण असतं, आणि ते पेट्रोल, हवा किंवा करंट यातच कुठंतरी असतं, हे मी शिकलो आणि आजवर तसंच बघत आलो.

वडगाव रासाईच्या इंद्रजीतची मोटरसायकल पहिल्यांदा आली तेव्हा तक्रार नेहमीचीच होती. जागेवर उभी असताना गाडी ज्या मंद गतीनं चालते तिला आम्ही स्लो म्हणतो. तो स्लो आपोआप वर जायचा, खाली यायचा. आणि रेस सोडली की सायलेन्सरमधून फट, फट असे बार निघायचे.

"आबांची गाडी हाय," इंद्रजीत म्हणाला. "वीस वर्सं दूध घातलं त्यांनी हिच्यावर. आता छातीच्या दुखण्यानं पडून हायत, म्हणून मी वापरतो."

मी कार्बोरेटर उघडला. स्लो जेटमध्ये कचरा होता तो काढला. हवा ओढणारं रबर चिरलं होतं, ते बदललं. दुपारी गाडी चालू करून बराच वेळ तशीच ठेवली. स्लो सरळ लागला. बार बंद झाले.

दोनच दिवसांत गाडी परत आली. तीच तक्रार. माझ्या दारात मात्र ती नीट चालली. सायलेन्सरचं वायसर बदललं, टॅपेट बघितले, पाठवून दिली. आठवड्यात पुन्हा इंद्रजीतचा फोन.

"मिस्त्री, तुमच्याकडं शहाणी असती ओ. घरी आली की करती."

मला वाटलं, घरी कॅनमधलं पेट्रोल घालत असतील, त्यात पाणी असेल. नाहीतर अंगणाला उतार असेल. एकदा जाग्यावर बघून यावं म्हणून दुपारच्या जेवणानंतर मी पिशवीत पाने घेतले आणि वडगावला गेलो.

घर नदीच्या अंगाला, उसाच्या कडेला होतं. इंद्रजीतची रात्रपाळी झाली होती, तो आत झोपला होता. त्याची बायको सविता ओसरीत शेंगा फोडत बसली होती. शेजारी तीन वर्षांची राजनंदिनी टरफलं गोळा करत होती. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर हौसराव आबा पडले होते. गाडी खाटेपासून दोन हातांवर उभी होती. अंगण सपाट होतं. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून बघितलं, पाणी नव्हतं.

गाडी चालू केली. स्लो वर गेला, खाली आला. पुन्हा वर. सायलेन्सरमधून बार निघाला आणि आबा खोकले.

पुढच्या बाराला पुन्हा खोकले. आवाजानं दचकत असतील, असं मला वाटलं. मग माझी नजर त्यांच्या छातीवर गेली. स्लो वर गेला की छाती वर येत होती. खाली आला की बसत होती. मी रेस किंचित वाढवली. आबांचा श्वास लागला. मी हात काढून घेतला.

सविता शेंगा फोडायची थांबली होती. "तुमाला बी दिसलं ना?" ती हळू आवाजात म्हणाली.

"काय?"

तिनं नजरेनंच खाट दाखवली.

आबांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. आवाज खोल गेलेला होता पण शब्द स्पष्ट होते. "न्हावऱ्याचा का रं तू? तिथं पाराजवळ आमचा दुधाचा..."

कार्बोरेटर काढायला गाडी बंद करणं भाग होतं. मी किल्ली फिरवली आणि आबांचं बोलणं तिथंच तुटलं. डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. मी घाबरून उठलो.

"झोपलेत," सविता म्हणाली. "गाडी बंद झाली की झोपत्यात. हे कंपनीत जायला निघाले की आबा जागे. गाडी फाट्यावर लागली की झोपले. तुमच्याकडं गाडी होती तवा पार निजून होते. एका दुपारी मातुर उठून बसले आन् भाकरी मागून खाल्ली. चांगले गप्पा मारीत होते."

त्या दुपारी गाडी माझ्या दारात चालू होती. मी ते तिला सांगितलं नाही. आजारी माणसाला झोपेची वेळ नसते, असं काहीतरी बोललो. दौंडच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, ती म्हणाली.

मी कार्बोरेटर साफ केला. खरं तर साफ करण्यासारखं आत काही नव्हतं. तोवर राजनंदिनीची टरफलं गोळा करून झाली होती. आबा हलले नव्हते. मी सगळं जोडून किक मारली.

"...टेम्पो यायचा," आबा म्हणाले. "पहाटं. अजून येतो का?"

"येतो, आबा," मी म्हणालो. मग स्लो कमीजास्त करायच्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावला.

सविता उठून खाटेपाशी जाऊन बसली. तिनं सासऱ्याच्या छातीवर हात ठेवला. "आता थोडी वर घ्या," ती म्हणाली.

मी स्क्रू पिळला.

"आजून जरा. थांबा. लई झालं. कमी करा. हां."

कानाला विचाराल तर स्लो जास्त होता. मी कुठल्याही गिऱ्हाइकाला तो तसा दिला नसता. पण बार बंद झाले. आबांचा खोकला थांबला. ते उशीला टेकून बसले आणि नातीला जवळ बोलावून तिच्या ओंजळीतली टरफलं मोजू लागले.

इंद्रजीतला हे पटलं नाही. आवाजानं म्हातारा जागा होतो, एवढंच तो म्हणायचा. गाडी लांब फाट्याच्या वाटेवर असताना कसा जागा होतो, असं सवितानं विचारलं की चिडायचा. पुढं त्यानं दौंडवरून नवी गाडी आणली आणि जुनी घरात ठेवायला साफ नकार दिला. बापाला बघायला येणारी माणसं गाडीला बघून जायला लागली होती. सविता म्हणाली, भंगारात घालण्यापरीस मिस्त्री भाऊंकडं राहू द्या. मी नाही म्हणू शकलो नाही.

गाडी गॅरेजच्या मागच्या पत्र्याखाली लावली. सविताचा मिस कॉल आला की मी ती चालू करायचो. आबांचं जेवण होईस्तोवर ठेवायचो. दुसरा मिस कॉल आला की बंद. शेजारचे विचारायचे, कुणाची गाडी एवढी टेस्टिंगला ठेवलीय. मी म्हणायचो, जुनी आहे, बॅटरी उतरते. बायकोला, करिश्माला, तेवढं खरं सांगितलं. ती हसली नाही. पेट्रोल कमी पडू देऊ नका, म्हणाली.

उन्हाळा असाच गेला.

एका दुपारी मिस कॉलऐवजी फोन आला. गाडी चालूच होती.

"भाऊ, बंद केली तरी चालंल आता," सविता म्हणाली.

मला कळायला जरा वेळ लागला. गाडी एका लयीत चालू होती. एकही बार नाही, स्लो हलला नव्हता. मी किल्ली फिरवली आणि वडगावला निघालो. अंत्यविधी नदीकाठी झाला. इंद्रजीत मला धरून रडला. गाडीचा विषय कुणी काढला नाही.

नंतर मी गाडीवर ताडपत्री टाकली आणि तिकडं फिरकलो नाही. आषाढ निम्मा झाला तेव्हा कोरेगाव भीमाहून म्हाळू नावाचा भाजीवाला आला. त्याला पाटी वाहायला जुनी गाडी हवी होती. इंद्रजीतनं फोनवर हो म्हटलं. सकाळचे दहा वाजले असतील. मी ताडपत्री काढली, प्लग पुसला, किक मारली. पहिल्याच किकला चालू झाली.

म्हाळू खूष झाला. मी मात्र ऐकत उभा राहिलो.

स्क्रूला कुणी हात लावला नव्हता, त्यावर मी रंगानं केलेली खूण जागेवर होती. तरी स्लो बदलला होता. हलका, भरभर. लहान.

खिशात फोन वाजला. सविता होती.

"भाऊ, गाडी चालू केली का तुमी?"

"केली. का?"

पलीकडं भांड्याचा आवाज झाला.

"राजनंदिनी कालपास्नं उठत नव्हती. ताप न्हाई, काय न्हाई. दौंडला न्यायला निघालो होतो." ती थांबली. "आत्ता उठून बसली. भूक लागली म्हणती."

मी वाकून स्क्रूवरची खूण पुन्हा बघितली.

"भाऊ, ऐकताय ना?"

म्हाळूनं किल्लीकडं हात नेला होता. मी त्याचं मनगट धरलं. मग दुसऱ्या हातानं टाकीचं झाकण उघडलं आणि आत पेट्रोल किती आहे ते बघितलं.