वांझ गोगलगायींची ओटी

भोरच्या पशुरोग केंद्रातल्या सौदामिनीला गोगलगायीच नव्हे, माणसंही मोजायची खोड होती. पासली गावात उतरल्या उतरल्या तिनं मनात मांडणी केली: पुढं पुढं करणारे सात, चहाला बोलावणारे तीन, ऐकून घेणारी एक. ती एक म्हणजे साळूबाई. साठी उलटलेली, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. गोठ्यात चार जनावरं होती. तीन जंतानं गळ्याखाली पाणी भरून गेली. उरली गाभण गाय, हौसी.

"तो जंत गोगलगायीतून गवताला चिकटतो आणि गवतातून गाईच्या काळजात जातो, आजी." भातखाचराच्या पाटाशी सौदामिनीनं डबा उघडला. "या पाचशे आम्ही किरणांखाली धरल्यात. पाण्यातल्या गोगलगायी यांच्याशी जुळल्या की अंडी फुकट जातात. हौसी वाचेल."

"किरनांनी काय हुतं त्यास्नी?"

'निर्बीज' हा शब्द तोंडात आला होता. पण म्हातारीला कळावं म्हणून तिनं सोपा वापरला.

"वांझ होतात."

साळूबाई बराच वेळ डब्यात बघत राहिली. "म्हंजी वांझ म्हनून पान्यात सोडता व्हय?"

पुढच्या सोमवारी पाटाच्या कडेला मूठभर तांदूळ, सुपारी आणि खणाचा बोटभर तुकडा होता.

"ओटी भरली त्यांची," साळूबाई म्हणाली. "माजी कुनी भरली न्हाई."

सौदामिनीला हसू आलं. तिनं वहीत लिहिलं: तांदूळ, एक मूठ.

चौथ्या सोमवारी दगडांखाली अंडी दिसली. सहाव्या सोमवारी पिल्लं.

सोडलेल्या गोगलगायी ओळखू याव्यात म्हणून तिनं प्रत्येकीच्या शंखावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता. आता भिंगाखाली मोहरीएवढं पिल्लू धरलं, तर त्याच्याही शंखावर ठिपका. दुसऱ्याच्याही. नखानं खरवडून निघेना. दोनशेवर तिनं मोजणी सोडली. आजवर तिनं कुठली मोजणी अर्धी टाकली नव्हती.

"मॅडम, तुमच्या वांझोट्या लई लेकुरवाळ्या निगाल्या की!" बांधावरून शेजारचा धनाजी ओरडला.

साळूबाई तेवढी हसली.

"आजी, ओटी बंद करा. हौसी हातची जाईल."

"रोज भरते म्या. आता त्यास्नी काय सांगू? पोरं परत द्या म्हनू?"

"मग गवत तरी वरच्या माळाचं घाला."

"घालते की."

घालत होती, हे सौदामिनीनं स्वतः पाहिलं होतं. तरी दिवाळीच्या आधी हौसीचा गळा सुजला. दिवाळीनंतर ती गेली, पोटातल्या वासरासकट.

पंधरा दिवसांनी सौदामिनी भर दुपारी साळूबाईच्या दारात उभी राहिली. गोठा झाडून स्वच्छ केलेला. म्हातारी उंबऱ्यात बसलेली, डोळे कोरडे.

"आजी, माझं चुकलं. मी तो शब्द—"

"हळू बोल, बाई. आत्ताच निजलंय."

सौदामिनी थांबली. घरात दुसरं कुणीच नव्हतं.

अंगणातल्या वलणीवर वीतभर झबलं वाळत घातलं होतं. ते अजून ठिबकत होतं. खाली पडणारं पाणी दुधाळ होतं.