थंडगार हीटसिंक

"दुसरा स्पीकर आजच पुरा करू," खडू म्हणाला. "म्हणजे उद्या दोन्ही एकदम वाजवता येतील."

"आधी हात धू. कालचा गोंद अजून नखांत आहे तुझ्या," ताई म्हणाली.

ताई तेरा वर्षांची, खडू बारा आणि चिमणी दहा. खडू अंगाने खडूसारखाच बारीक होता. तिघं भावंडं सुट्टीला मावशीकडे आली होती. सभागृहाच्या तळमजल्यावर मावशीचं रेडिओ, ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचं दुकान होतं. काका जाऊन आठ महिने झाले होते. ते गेल्यापासून मावशी दिवसभर दुकानातच असायची. घरी गेलं की घर मोठं वाटतं, म्हणायची.

तेवढ्यात दारातून सभागृहाचे सेक्रेटरी आत आले. मागून वायरमन एक जड पेटी घेऊन आला. त्याने ती धाडकन टेबलावर ठेवली. जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला.

"वहिनी, हा ॲम्प्लिफायर तुम्हीच दुरुस्त केला होता ना? काल मुलांचं नाटक चालू असताना यातून धूर आला. पडद्याला आग लागायची तेवढी राहिली. पोरं रडत रस्त्यावर पळाली."

मावशीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

"कुणाला लागलं का?"

"नशिबाने नाही. पाच वाजता कमिटी बसतेय. या दुकानाच्या खोलीची किल्ली घेऊन या. असलं काम करणाऱ्याला जागा द्यायची नाही, असं माझं मत आहे."

दोघं निघून गेले. मावशी स्टुलावर बसली.

"मी तीनदा तपासला होता गं," ती म्हणाली.

"मग चौथ्यांदा आपण तपासू," ताई म्हणाली आणि झाकण उघडू लागली.

आत एक काळी, चपटी आयसी होती. आवाज मोठा करायचं काम तिचं. काम करताना ती तापते. तिची उष्णता बाहेर नेण्यासाठी पाठीला ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळा बसवतात. तो हीटसिंक. इथला हीटसिंक एका बाजूला कलंडला होता आणि त्याच्या दोन्ही भोकांत स्क्रू नव्हते.

"मावशी, तू स्क्रू लावले नाहीस?"

मावशी उठून जवळ आली. तिने हीटसिंक हलवला. तो चर्र करत सुटून हातात आला. मागे पांढऱ्या फोमची जाड चिकटपट्टी होती, अर्धी वितळलेली.

"हे माझं काम नाही," ती हळूच म्हणाली. "मी थर्मल पेस्ट लावते आणि वर दोन स्क्रू आवळते. पेस्ट उष्णता नेते, पण चिकटून धरत नाही. धरतात ते स्क्रू."

"आमच्या स्पीकरला तर तू गोंद दिलास," चिमणी म्हणाली.

"तुमच्या बोर्डाला स्क्रूची भोकं नाहीत, म्हणून. तो गोंद वेगळा, उष्णता नेणारा. एकदा बसला की सुटत नाही. पण ही फोमची पट्टी म्हणजे आयसीला रजईत गुंडाळण्यासारखं आहे. कुणी केलं हे?"

"ते आम्ही बघतो," खडू म्हणाला. "तू चहा घे."

तिघं वरच्या मजल्यावर गेली. तिथे सूचना लावायचा फळा होता. चिमणीने एका कागदाचा कोपरा उचलून पाहिला. मागे तीच फोमची पट्टी.

"ही तर कुणाकडेही मिळेल," ताई म्हणाली. "स्क्रू शोधा. मावशीचे काळे असतात, चांदणीसारख्या खाचेचे."

तिघं एकेक दार, एकेक खुर्ची पाहत निघाली. शेवटच्या दारापाशी खडू एकदम थांबला. दारावर नवी पितळी पाटी होती. 'सेक्रेटरी' या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना दोन काळे स्क्रू. खाचा चांदणीसारख्या. एका स्क्रूच्या कडेला पांढरी पेस्ट वाळून बसली होती.

चिमणीने तोंडावर हात ठेवला.

मागून वायरमन शिडी घेऊन येत होता. खडूने चटकन विचारलं, "दादा, पाटी मस्त बसवलीय. स्क्रू कुठले?"

वायरमन खूश झाला. "साहेबांना लगेच हवी होती. दुकानं बंद. म्हणाले, आण कुठूनही. मग एका पेटीतले काढले. तिथे नुसता पत्र्याचा ठोकळा होता, त्याला कसलं काम? पट्टीने चिकटवला. पेटी चालू करून हात लावूनही बघितला, थंडगार होता."

"थंड होता?" ताईने विचारलं.

"बर्फासारखा." मग तिघांचे चेहरे बघून त्याला काय झालं ते कळलं. शिडी त्याच्या हातातून निसटता निसटता राहिली. "म्हणजे कालचा धूर... पोरांनो, माझं नाव घेऊ नका. साहेब कामावरून काढतील मला."

ताईने थोडा विचार केला. "नाव नाही घेणार. पण मावशीची चूक नव्हती, हे दाखवणारच."

पाच वाजता कमिटी बसली. अध्यक्षबाई मधल्या खुर्चीत होत्या. मावशीने किल्ली टेबलावर ठेवली.

"आधी आमचं एक बघा," ताई म्हणाली. तिने त्यांच्या दोन्ही स्पीकरचे छोटे बोर्ड टेबलावर मांडले आणि दोन्हींवर एकच गाणं जोरात लावलं. एकावर कालच्या गोंदाने बसवलेला हीटसिंक होता, दुसऱ्यावर फोमच्या पट्टीने. हे तिने सांगितलं नाही.

तीन मिनिटांनी ती म्हणाली, "सेक्रेटरीसाहेब, हात लावून सांगा. कोणता नीट बसवलाय?"

सेक्रेटरींनी बोट लावलं. "हा तापलाय. हा थंड आहे. थंड आहे तोच चांगला. शेंबडं पोरही सांगेल."

"शेंबडं पोर नाही सांगणार," चिमणी म्हणाली.

तेवढ्यात थंड हीटसिंकचा स्पीकर खरखरला आणि बंद पडला. जळका वास आला. दुसरा गातच राहिला. सेक्रेटरींचं बोट हवेतच राहिलं.

"ठोकळा थंड, कारण उष्णता त्याच्यापर्यंत पोचलीच नाही," खडू म्हणाला. "ती सगळी आत कोंडली. काल पेटीत हेच झालं."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "पण पेटीत ही पट्टी लावली कुणी?"

मुलांनी शब्द दिला होता. खडूने ओठ घट्ट मिटले.

"वहिनींनीच लावली असेल," सेक्रेटरी म्हणाले.

"मी लावली," दारातून आवाज आला. वायरमन उभा होता. "वहिनींचे स्क्रू मीच काढले. साहेबांच्या दारावरच्या पाटीला आहेत ते."

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते आधी लाल झाले, मग पांढरे.

"मी फक्त स्क्रू आण म्हणालो होतो," ते पुटपुटले. "कुठून आणले, हे विचारलंच नाही."

"पस्तीस पोरं होती स्टेजवर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "विचारायला हवं होतं." त्यांनी किल्ली उचलून मावशीच्या हातात दिली. "ही तुमच्याकडेच राहील. यापुढे तुमच्याशिवाय कुणी ती पेटी उघडायची नाही. आणि मुलांनो, आम्ही हात लावून फसलो, तुम्ही विचार करून मावशीला वाचवलंत. शाबास."

सेक्रेटरींनी मान खाली घालून मावशीची माफी मागितली. ती फक्त "बरं" म्हणाली. मग तिने दारातल्या वायरमनकडे पाहिलं.

"याला कामावरून काढू नका," ती अध्यक्षबाईंना म्हणाली. "त्याला कुणी कधी समजावून सांगितलंच नव्हतं. आणि खरं सांगायला तो स्वतःहून आला."

वायरमनने डोळे पुसले. "वहिनी, मला शिकवाल का?"

"उद्या नऊला ये. सकाळी माझी तिघं असतातच, ती आधी शिकवतील. मग मी परीक्षा घेईन."

"आणि नापास झालो तर?"

"तर तुमची शिडी आमची, आणि वायरमनही आम्हीच," चिमणी म्हणाली.