लिलोची दोनच अक्षरं

ही घटना शंभर टक्के खरी आहे. देवाशपथ सांगतो.

देवावर माझा विश्वास नाही, तेही सांगून टाकतो. घटना मात्र खरी आहे.

साल १९९९. दसऱ्यानंतरचा आठवडा. भिंगारच्या बाजारात आसारामतात्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. अमावस्येची रात्र असती तर लिहायला बरं पडलं असतं. पण भर दुपार होती आणि खाली भजी तळत होते.

मी तिथे लिनक्स ही विंडोजसारखी प्रणाली शिकवायचो. लिनक्सचं मशीन एकच, तेही सेकंडहँड. आधीचा मालक त्याच्यासमोर बसल्या बसल्या गेला, असं म्हणत.

माझ्या विद्यार्थिनीचा, सायलीचा, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यातच होता. उद्या परीक्षक येणार. प्रोजेक्ट नाही दिसला तर वर्ष वाया.

तिने बटण दाबलं.

कसलासा इशारा येऊन गेला. आम्ही न वाचता कळ दाबली. इशारे वाचत बसलो असतो तर क्लास चालला नसता.

लिनक्सच्या आधी लिलो नावाचा चिमुकला प्रोग्रॅम जागा होतो. आपलं नाव इंग्रजीत एकेक अक्षर करत लिहितो. चार अक्षरं आली की पुढचं सगळं येतं.

एल...

आय...

बस्स.

डिस्कचा आवाजही थांबला.

"सर, अडकलं."

"पुन्हा कर."

एल... आय...

डिस्कशिवाय मशीन सुरू करणारी बूट फ्लॉपी घातली. ती कर्रकर्र करून मेली.

शेवटी सेटिंगच्या पडद्यात शिरलो. मशीनच्या मते आजची तारीख होती... १ जानेवारी १९८०.

"तेव्हा मी पाळण्यात होते, सर," सायली हळूच म्हणाली.

तारीख दुरुस्त केली. तेवढ्यात लाइट गेली. आली.

पुन्हा... १९८०.

तात्या दारात उभे होते. लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, पण आत येईना.

मी कॅबिनेट उघडलं. आत नाण्याएवढा सेल असतो. मशीन बंद असताना तारीख आणि डिस्कची सेटिंग तोच जपतो.

त्याची जागा रिकामी होती. तिथे हळदकुंकू होतं.

"त्यो मी काढलाय," तात्या म्हणाले. "खंडेनवमीला."

"का?"

"पूजेत मांडलेल्या हत्याराला कामाला लावायचं न्हाई. हे बंद केलं तरी आत घड्याळ चालतंय, तुमीच सांगता पोरास्नी. मग इसावा कसला?"

"सेल कुठंय?"

"निर्माल्यात गेला."

"तात्या, मघापासून बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं न्हाई, मास्तर. मला वाटलं, भुताचं चाललंय."

मी डिस्कची सेटिंग हाताने भरली. चारही अक्षरं आली. प्रोजेक्ट जागेवर होता.

सायली काही हसली नाही.

"सर, दसरा झाल्यापासून मी रोज यावरच काम केलंय. रोज चालू केलं, रोज बंद केलं. कालपर्यंत नीट चाललं. तेव्हा सेल कुठे होता?"

मी फाइली पाहिल्या. त्या दिवसांत लिहिलेला कोड तिथे होता.

त्यावरच्या तारखा... बरोबर होत्या.

सेल नसताना त्या कोण सांभाळत होतं, मला आजही ठाऊक नाही. त्या दिवशी मशीन बंद करायला कुणी पुढे झालं नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले तेव्हा लाइट नव्हती. त्यांनी छापील अहवाल चाळला, चहा घेतला आणि सायलीला पास केलं.