शिडाच्या कापडाची पिशवी

माणगावची मोटार म्हसळ्याच्या बाजारात धूळ उडवून थांबली. तिच्यातून उतरलेला तरुण मागे न पाहता चालू लागला आणि भागोजी शिंप्याच्या ओटीच्या पायरीला असा ठेचकाळला, की काखेतलं कापड सुटून उलगडत गेलं. त्याचं टोक रंगूच्या पायाशी येऊन थांबलं.

"अहो पाव्हणं, श्रीवर्धन अजून लांब हाय!" मोटारीतून कुणीतरी ओरडलं. त्यानं हातानंच 'जा' म्हणून सांगितलं.

रंगूनं शिलाईचं यंत्र थांबवलं. आधी कापडाकडे पाहिलं, मग माणसाकडे. कापड शिडाचं होतं, दोन पावसाळे टिकेल असं. माणसाची तशी हमी देता येत नव्हती.

"ह्याची पिशवी हवी," अंगठा चोळत तो म्हणाला. "पाठीवर घ्यायची. दोन पट्टे... खांद्यांवरून, असे."

"पाठीवर वेताळ बसतो. पिशवी हातात धरतात."

"हात मोकळे हवेत."

"कशाला?"

तो हसला. डाव्या गालाला खळी पडली. ती खळी रंगूला मुळीच आवडली नाही... म्हणजे तिनं तसं ठरवून टाकलं.

नाव शिवदास, गाव पेण, मुंबईला एका पेढीवर कारकून. रजा काढून आला होता. रानातून, डोंगराच्या सोंडेसोंडेनं पायी माणगावला जायचं, झाडाखाली निजायचं, हाच बेत. असा जन्मात कधी गेला नव्हता, हेही त्यानं न विचारता सांगितलं.

"माणगावाहून तर आत्ताच आलात!"

"मोटारीतून रान नीट दिसत नाही."

"रान बघायला चाललात? तिथं काय नाटक लागलंय?"

आत कापड बेतणारे भागोजी खोकले. मुलीचे प्रश्न लांबले, की त्यांना खोकला येई.

शिवदास धर्मशाळेत उतरला आणि तयारीला लागला. संध्याकाळच्या आत साऱ्या बाजाराला त्याची खरेदी तोंडपाठ झाली. तांदूळ, दोर, काड्यापेट्या इथवर ठीक होतं. पण त्यानं गूळ घेतला, आणि पाठोपाठ नवसागर! आता, हातभट्टीची दारू गाळणाऱ्याला ही जोडी लागते, हे म्हसळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे हा एक तर भट्टी लावणारा, नाही तर भट्टीवाल्यांना जाळ्यात ओढणारा आबकारीचा हेर. शिवाय डोंगरात पाणी कुठं मिळेल, वाट कुठली, असंही जो भेटेल त्याला विचारत सुटलेला. गावानं निकाल देऊन टाकला.

धर्मामामा मागच्या दारानं आला. आईमागं रंगूला यानंच अंगाखांद्यावर वाढवलं होतं, आणि डोंगरातल्या ओहळावर याचीच भट्टी होती.

"रंगे, तो आबकारीचा हाय."

"कशावरनं?"

"गोड बोलतो त्यावरनं. तू त्याच्याकडनं नीट काढून घे. व्हय म्हणालीस, की ओहळावर माझी मान्सं काठ्या घेऊन बसलीच म्हनून समज."

रंगूनं मनाशी हिशेब मांडला. हेर असेल नि ती गप्प बसली, तर मामा तुरुंगात. हेर नसेल नि ती चुकली, तर त्या खळीवर काठी.

दुसऱ्या दिवशी तिनं माप हवं म्हणून त्याला बोलावून घेतलं. फीत भागोजींनी धरली. रंगू यंत्रामागून बघत सूचना देत होती.

"नीट उभे राहा. श्वास कोंडू नका. रानात काय श्वास न घेता चालणार?"

"रानात कुणी असं रोखून बघणार नाही," तो हळूच म्हणाला. मग कापडावर बोट ठेवून सांगू लागला, "इथं दुहेरी टीप घाला. ओझं इथं पडेल."

रंगूचा पाय यंत्रावरच थबकला. पेढीवरच्या कारकुनाला दुहेरी टीप कुठली ठाऊक?

संशय पक्का झाला नाही, पण फिटलाही नाही. तेव्हा तिनं शिंप्यालाच सुचावा असा उपाय केला. डाव्या पट्ट्याला यंत्राची टीप न घालता हातानं नुसता कच्चा टाका घातला. पहिल्याच चढणीला पट्टा सुटेल आणि ओहळाच्या कितीतरी अलीकडून पाहुणा माघारी येईल.

सकाळी शिवदास आला आणि ओटीवरच पिशवी भरू लागला. घोंगडी, तांदूळ, दोर, गूळ...

"नवसागर कुठाय?" रंगूनं एकदम विचारलं.

"संपला."

"एका रात्रीत?"

"ह्याला लागला." त्यानं पितळेचं पातेलं तिच्यासमोर धरलं. आतून चांदीसारखी कल्हई लखलखत होती. "कल्हईवाल्याकडचा संपला होता. म्हणाला, तुम्हीच घेऊन या. रानात पितळेनं भात कळकला तर काय खाऊ? पण का हो?"

पातेल्यात रंगूला स्वतःचं तोंड दिसलं, हे एवढं मोठं, संशयी आणि मूर्ख. ती हसली ती थांबेचना. मग डोळे पुसत तिनं पिशवी ओढून घेतली आणि डावा पट्टा उसवू लागली.

"अहो, नवीकोरी आहे ती!"

"ह्याला कच्चा टाका होता."

"चुकून?"

"न्हाय."

"म्हणजे मी वाटेत पडलो असतो!"

"पडला नसता. परत आला असता."

त्यानं पातेलं पुन्हा पुसायला घेतलं. "परत यावं म्हणून टाका कशाला कच्चा ठेवायचा..." असं काहीसं पुटपुटला. यंत्राच्या खडखडाटात रंगूला ते ऐकू आलं नाही, असं तिनं दाखवलं.

मामाला तिनं सांगितलं, "कल्हईचा नवसागर व्हता."

"खात्री हाय?"

"माप घेतलंय म्या."

शिवदास डोंगराकडे निघाला. पाठीवर पिशवी घेतलेला तो माणूस वळणाआड जाईपर्यंत रंगूनं सुईत दोरा ओवला नाही.

मग मोटारी येत राहिल्या. घरघर कानावर आली, की तिचा पाय थांबे. 'माणगावाहून माणूस मुंबईला जातो, इकडं कशाला येईल?' असं ती स्वतःला बजावी, आणि पुन्हा पाय थांबे.

आणि एका दुपारी तो उतरला. उन्हानं रापलेला, दाढी वाढलेली, पिशवी हातात. डावा पट्टा लोंबत होता.

"दुहेरी टीप म्हणे! तुटला तुमचा पट्टा."

रंगूनं पट्टा उजेडात धरला. दोऱ्याची टोकं निरखली.

"तुटलेला दोरा पिंजतो, पाव्हणं. हा सुरीनं कापलाय."

खळीपासून कानापर्यंत तो लाल झाला. रंगूनं सरळ त्याचा हातच धरला आणि बोट उलटं करून पाहिलं. "आणि ह्या सुई टोचल्याच्या खुणा? शिंप्याचं पोर तुम्ही!"

"पेणला वडिलांचं दुकान आहे..."

"मग पिशवी घरी का न्हाय शिवली?"

"श्रीवर्धनला आत्या आहे. तिच्याकडे बसून मीच शिवणार होतो. पण मोटार इथं थांबली... आणि ओटीवर यंत्रापाशी कुणीतरी—" तो अडखळला. "ठेच तेवढी खरी लागली हो."

"आणि रान?"

"छान आहे. पण त्या पातेल्यात भात दोघांचा होतो. रोज उरायचा."

आतून भागोजी खोकले. "रंगे, पाव्हण्याला इचार, पट्टा शिवून हवाय का पुन्यांदा कापायला?"

रंगूनं सुईत दोरा ओवला. मान वर न करता म्हणाली, "बसा. पेणला बाबांना निरोप धाडा, तोवर शिवून होईल."

तो बसला.

"आणि ती सुरी इथं ओटीवर ठेवा. मला दिसेल अशी."